मागच्या तीन बाकांचा झेंडा

आपा,

इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर दोन परिच्छेद लिहून द्या, असं संपादकांनी मला परवा फोनवर सांगितलं. सोबत एक फोटो, शक्यतो हसरा. फोन ठेवता ठेवता आवाज खाली आणून म्हणाले, "शाळेतलं ते प्रकरण मात्र नको हं, मृदुलाताई. कशाला आता?" मी "बरं" म्हटलं. मी किती पटकन "बरं" म्हणते, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार?

तुमचं गाव, शिक्षण, नोकरीची वर्षं, मागे कोण कोण आहे, हे सगळं अंकातल्या चौकटीत कोणीतरी भरेल. मला ते जमणार नाही. तुम्ही जाऊन बारा दिवस झाले आणि या बारा दिवसांत मी तुमच्याशी मनात इतकं बोलले आहे, की तुमच्याविषयी तिसऱ्याला सांगताना माझीच जीभ अडते. म्हणून तुम्हालाच लिहिते. वाचतील इतरही. त्यांनी वाचावं, अशीच इच्छा आहे.

आपली ओळख शाळेच्या व्हॅनमध्ये झाली आणि पुष्कळशी तिथेच वाढली. काचांवर काळी फिल्म होती. रोज सकाळी रियाधच्या ओलाया भागातले मनोरे आपल्याला कोऱ्या चहाच्या पेल्यातून पाहावेत तसे तपकिरी दिसायचे. आठ बायका, आठ डबे, एक कुरकुरणारा एसी. तुमच्या अबायाला कापराचा वास यायचा आणि त्याच्या खाली, नीट लक्ष दिलं तर, भाजलेल्या सुकटीचा. नव्याने लागलेली मी दोन दिवस तुमच्याशी अदबीने हिंदी बोलत होते. तिसऱ्या दिवशी तुम्ही डब्याचं झाकण लावत म्हणालात, "तुझ्या डब्यात थालीपीठ आहे. मग माझ्याशी हिंदीत काय बोलतेस गो? हिंदीचा पगार शाळेत घे, इथं मराठी बोल." व्हॅनमधल्या बाकीच्या बायकांना काही कळलं नाही, आपण दोघीच हसलो. रियाधमध्ये आल्यापासून घराबाहेर माझं पहिलं हसू ते.

दापोलीकडच्या खाडीकाठच्या तुम्ही, सातारची मी. तुम्ही सामाजिक शास्त्र शिकवायचात, मी हिंदी. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. "आपा म्हणतेस तर तू म्हण," असं तुम्ही कितीदा सांगितलंत. मला जमलं नाही. तुमच्यासमोर माझी पाठ आपोआप ताठ व्हायची.

पिंचूवचं नाव मी प्रथम त्या व्हॅनमध्येच ऐकलं. सिग्नलला गाडी अडकली होती, बाहेर धुळीने दुपारसारखा पिवळा उजेड पडला होता आणि तुम्ही नववीच्या पुस्तकावर बोट ठेवून चिडला होतात. "बघ. पोलंडवर स्वारी झाली, एवढं एक वाक्य. पुढं काय झालं ते पोरींनी कुठं वाचायचं?" मग तुम्ही सांगू लागलात. एम.ए. करताना एका जाड पुस्तकाच्या तळटीपेत तुम्हाला सापडलेली ती जागा. दक्षिण पोलंडमधला एक शेतीचा मुलूख. पिंचूव हे त्यातलं एक गाव. चव्वेचाळीस सालचा उन्हाळा. पाच वर्षं जर्मनांच्या टाचेखाली राहिलेल्या त्या टापूतल्या भूमिगत सैनिकांनी आणि शेतकऱ्यांच्या तुकड्यांनी एकेक चौकी उठवली, आणि पाहता पाहता तिथे जर्मनांचा हुकूम चालेनासा झाला. चारी बाजूंनी शत्रू, आणि मधोमध हा सुटलेला तुकडा. लोक त्याला प्रजासत्ताक म्हणाले. टिकलं तीन आठवड्यांहूनही कमी.

तुम्हाला लढाया सांगण्यात रस नव्हता. तुम्ही सांगायचात, की जी शाळा इतकी वर्षं कोणाच्या तरी स्वयंपाकघरात, पडदे ओढून, दबक्या आवाजात भरत होती, ती आता दार उघडं ठेवून भरवता येत होती. चोरून छापलेली वर्तमानपत्रं हातात धरून रस्त्यावर वाचता येत होती. ऐन सुगीचे दिवस होते आणि कापलेलं धान्य जर्मनांच्या गाडीत चढत नव्हतं. "दार उघडं ठेवून," हे शब्द तुम्ही थांबून उच्चारायचात, जिभेवर आवळा ठेवल्यासारखे.

आपला वाद त्याच दिवशी सुरू झाला आणि तो कधीच मिटला नाही. मी म्हटलं होतं, "पण आपा, पुढे फौज परत आलीच ना?"

"आली."

"मग?"

"एका गावात घरं पेटवली. माणसं मारली. बायका, पोरं."

"म्हणजे ज्यांनी दारं उघडली, झेंडे लावले, ते सगळे ओळखले गेले. थोड्या दिवसांच्या मोकळेपणासाठी केवढी किंमत! गप्प राहिले असते तर वाचले असते."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागाने नव्हे. माझ्या वहीत चूक सापडली की जसं बघाल तसं. "तू गोष्ट शेवटाकडून वाचतेस, मृदुला. थोडे दिवस, असं आपण म्हणतो. त्यांना थोडकं कुठं ठाऊक होतं? ते रोज सकाळी उठून नुसते जगत होते."

मी पुढे वर्षानुवर्षं नवनवी उत्तरं शोधत राहिले. व्हॅनमध्ये, वह्या तपासताना, तुमच्या घरी कोकमाची कढी पिताना. कधी म्हणायचे, शूरांचं ठीक आहे, पण त्या गावात एखादी भित्री बाई असेल, तिने काय करावं? तुम्ही म्हणायचात, "तिनं पण तीन आठवडे मजा केली असंल." मला हा विनोद वाटायचा.

त्या पोलंडच्या गोष्टीतूनच तुमच्या वर्गातली ती प्रथा आली. नववीचा तो धडा सुरू झाला, की तो संपेपर्यंत मुलींच्या विभागातल्या तुमच्या वर्गाचे मागचे तीन बाक 'सुटलेले' असायचे. मुली पाळीपाळीने तिथे बसायच्या. त्या बाकांचे नियम त्याच ठरवणार, भांडणं त्याच मिटवणार, पाठीमागच्या फलकावर त्यांचंच रोजचं पत्रक लागणार. आणि त्या बाकांवर इंग्रजीची सक्ती नाही. भिंतीभिंतीवर इंग्रजीतच बोलण्याच्या पाट्या लावलेल्या आपल्या शाळेत, खिडक्या डोक्याहून उंच असलेल्या त्या खोलीत, त्या तीन बाकांवर घरची भाषा बोलायची. मल्याळम, तमिळ, उर्दू, मराठी, जी असेल ती.

गंमत म्हणजे पहिले एक-दोन दिवस तिथे शांतताच असायची. आईने मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणाऱ्या या पोरी. मोकळीक मिळाली आणि त्यांना बोलताच येईना. तुम्ही मला हसत हसत सांगायचात, "बघ, सुटल्यावर आधी घसाच बसतो." तिसऱ्या दिवशी कोणीतरी घरून एक शब्द आणायची. चौथ्या दिवशी दुसरी. मग आजोळची शिवी यायची आणि ती काय आहे हे इतर भाषांमध्ये समजावताना सगळ्या बाकांवर हशा पिकायचा. महाड, चिपळूण, कोझिकोड आणि हैदराबाद यांच्यात त्या शिवीवरून जे काही चालायचं, त्याला तुम्ही "परराष्ट्र खातं" म्हणायचात.

दोन वर्षांपूर्वी माझा एक तास मोकळा होता. तुम्ही मला बोलावलंत. "ये, मराठीतलं तुझं काहीतरी वाच त्यांना. कविता करतेस म्हणतेस, ऐकवत तर कोणालाच नाहीस." मी शेवटच्या बाकावर, नवव्या इयत्तेच्या बुटक्या बाकड्यात गुडघे अडकवून बसले आणि माझी एक कविता वाचली. चिपळूणकडची एक मुलगी म्हणाली, "मिस, मला अर्धंच कळलं, पण कानाला छान वाटलं." आपा, कॉलेजात मिळालेली बक्षिसं मी विसरले आहे. ते वाक्य विसरले नाही. लग्नानंतर, इथे आल्यानंतर, मी कवितेची वही जिथे ठेवली होती तिथून ती मला पुन्हा काढायला लावणाऱ्या तुम्ही. याबद्दल मी तुमचे आभार मानले नाहीत. राहून गेलं.

आणि मग झेंडा. तो मला नीट सांगायचा आहे.

मुली पत्रक लावत होत्या. मला एकदम वाटलं, इथे रंग हवा. मी तुम्हाला विचारलं, "त्यांचा झेंडा कसा होता?" तुम्ही म्हणालात, "वर पांढरा, खाली लाल. कशाला पण? राहू दे." तुम्ही "राहू दे" म्हणालात, हे मला स्पष्ट आठवतं. मी ऐकलं नाही. हस्तकलेच्या खोक्यातून लाल घोटीव कागद काढला. कात्री नव्हती, म्हणून हातानेच फाडला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवला. फाटलेली कड वेडीवाकडी, करवतीच्या दातांसारखी. डिंकाचा आंबूस वास, बोटांना लागलेला लाल रंग, भोवती पंधरा मुलींचा श्वास. आमच्यातल्या एकीने तो फलकावर टाचला. टाचणी एकच उरली होती, म्हणून तो आडवा न राहता उभा लटकला. डावीकडे पांढरा, उजवीकडे लाल, मध्ये दाते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. तुम्ही टेबलाशी उभ्या होतात. तुम्ही टाळी वाजवली नाहीत, पण तुमचा चेहरा मला दिसला. तो हसत होता.

कोणा मुलीने फोटो काढला. फोटोत तो झेंडा आणि त्याखाली पत्रकाचं इंग्रजी शीर्षक: मुक्त प्रदेश. संध्याकाळपर्यंत तो पालकांच्या ग्रुपवर होता. आणि एका वडिलांना त्यात बहरीनचा झेंडा दिसला.

आज हे लिहिताना हसू येतं. पांढरा, लाल, मध्ये दाते. चूक त्यांची तरी कशी म्हणावी? पण त्या संध्याकाळी कोणी हसलं नाही. शेजारच्या देशाचा झेंडा, खाली 'मुक्त प्रदेश', आणि तोही इथे, भारतीय शाळेत! कोणाला आपला इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना दिसला, कोणाला तो ज्याच्या हातात तो मालक, कफील, कोणाला पोरीचं अर्धवट राहणारं वर्ष. "हे राजकारण आहे." "ह्या मॅडमला आवरा." "आम्ही इथे पोट भरायला आलोय." दुसऱ्या दिवशी बैठक भरली तेव्हा हा झेंडा बहरीनचा नसून पोलंडचा आहे, हे तुम्ही पुस्तक उघडून दाखवलंत. एक पालक म्हणाले, "वो और बुरा है. पोलैंड का यहाँ क्या काम?"

मला हे बैठकीत बसलेल्या एका शिक्षिकेने सांगितलं. मी तिथे नव्हते. मला प्राचार्यांनी आदल्या तासाला एकटीला बोलावलं होतं.

ती खोली तुम्ही पाहिली आहे. जाड पडदे, उदाचा धूर, वाऱ्याने हलणारं काही नाही. प्राचार्य कठोर नव्हत्या. त्याही घाबरलेल्या होत्या. त्यांनी टंकलेला कागद पुढे केला. दोनच वाक्यं, इंग्रजीत. त्या वर्गातल्या उपक्रमाची मला कल्पना नव्हती. त्यात माझा काही सहभाग नव्हता. "सगळ्या शिक्षिकांकडून घेतोय," त्या म्हणाल्या. "औपचारिकता."

त्या महिन्यांत यांच्या कंपनीने यांच्या इकाम्याचं नूतनीकरण केलं नव्हतं. हे घरात बसून होते, बाहेर पडायलाही घाबरत होते. घर माझ्या नोकरीवर उभं होतं. हे मी सबब म्हणून लिहीत नाही. तेव्हा मी कुठल्या भिंतींमध्ये उभी होते ते लिहिते. मला त्या क्षणी तुम्ही आठवला नाहीत. मला माझी बोटं आठवली. नखाच्या कडेला अजून लाल रंग होता. मी उजवा हात पुढे केला, डावा मांडीवर झाकला, आणि सही केली.

बैठकीत तुम्हाला विचारलं गेलं, झेंडा कोणी केला. तुम्ही म्हणालात, "माझ्या वर्गात झाला. माझाच."

मुलींपैकीही कोणी माझं नाव घेतलं नाही. त्यांना तुम्ही वर्गात काय सांगितलं होतंत, मला कळलं नाही. त्या माझ्याकडे कधी वेगळ्या नजरेने बघत असल्या, तरी मी वर बघितलं नाही.

वर्षअखेर तुमचा करार पुढे वाढवला गेला नाही. तुम्ही व्हॅनमध्ये रोजच्यासारख्या बसायचात. मी खिडकीशी, तुम्ही मधल्या जागेवर. एकदा मी तोंड उघडलं, "आपा, त्या कागदावर..." आणि तुम्ही माझ्या मांडीवर हात ठेवून म्हणालात, "खलास गो. आज डब्यात काय आणलंस?" मी त्या हाताच्या उबेत लपले. तुम्ही मला बोलू दिलं नाहीत, असं मी स्वतःला दोन वर्षं सांगत आले. खरं तर मला बोलायचंच नव्हतं, आणि तुम्हाला ते कळलं होतं.

मग तुम्ही पार उत्तरेला, हफ्र अल बातिनला गेलात, तुमच्या नवऱ्याकडे, इब्राहीमभाईंकडे. इतकी वर्षं ते तिथे एका वर्कशॉपमध्ये एसी दुरुस्तीचं काम बघत एकटे राहिले होते आणि तुम्ही इथे शिक्षिका म्हणून. आता तुम्ही त्यांच्या इकाम्यावरच्या अवलंबित. "नवऱ्याच्या नावाखाली प्रथमच आले, वयाच्या या टप्प्याला," तुम्ही फोनवर म्हणालात. पुढे म्हणालात, की खिडक्यांना उन्हासाठी चंदेरी कागद लावलाय, बाहेरचं काही दिसत नाही. एका कोपऱ्यात तो फाटलाय, तिथून एक खांब आणि अर्धी पाण्याची टाकी दिसते. "मी त्या अर्ध्या टाकीकडे बघून दिवस काढते." दोघांनाही कायमचं कोकणात परतायचं होतं. कफील म्हणायचा, बदली माणूस येऊ दे, मग. बदली माणूस येत नव्हता. दर महिन्याला तुम्ही सामान थोडं बांधायचात, मग लागलं की सोडायचात.

आपले फोन चालू होते. तुम्ही अजून पिंचूववर वाचत होतात, फोनच्या छोट्या पडद्यावर, चष्मा वर-खाली करत. एकदा उत्साहाने म्हणालात, "मृदुला, तुझ्या भित्र्या बाईचा मी खूप विचार केला."

"कुठल्या?"

"तीच गो, त्या गावातली. तू विचारायचीस ना. मला वाटतं, ती पण असायला हवी. सगळेच शूर असले तर ते सैन्य झालं. प्रजासत्ताकाला घाबरट माणसं पण लागतात."

तुम्ही मला दार उघडून देत होतात. हे कळूनही मी म्हणाले, "छान विचार आहे, आपा. तब्येत सांभाळा."

तब्येत तुम्ही सांभाळली नाहीत, किंवा तिने तुम्हाला सांभाळलं नाही. सहामाही परीक्षेवर मी वर्गात फिरत होते, टेबलावर फोन थरथरला. सरकारी इस्पितळात, सकाळी, हृदय. तुम्हाला त्याच दिवशी अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर दफन केलं. मी दुसऱ्या दिवशी पोचले. रियाधहून तिकडे जाताना वाटेत इतकं सपाट आहे, की गाडी पुढे जाते आहे हे फक्त खांबांमुळे कळतं. बाई म्हणून कबरस्तानात मी जाऊ शकत नव्हते. इब्राहीमभाईंनी खिडकीतून हात करून दिशा दाखवली, त्या फाटलेल्या कोपऱ्यातून, टाकीच्या डावीकडे. तुम्ही कुठे आहात, हे मला फक्त दिशेने माहीत आहे.

घरात शेजारच्या तीन-चार बायका बसल्या होत्या. कोणी खजूर पुढे केला, कोणी पाणी. खोलीला तुमच्या कापराचा वास होता आणि दाराशी अर्धी बांधलेली बॅग. इब्राहीमभाई माझ्यासमोर जमिनीवर बसले. कधी फारसे न बोललेले ते गृहस्थ. बराच वेळ हाताची नखं बघत होते. मग म्हणाले, "एक विचारू? तुम्ही दोघी एका शाळेत होतात. तिने तो झेंडा कशाला केलान? आयुष्यात कधी सरकारी पाटीच्या पुढं पाऊल टाकलं नाय तिने. मला तेवढं एकच कळलं नाय. विचारलं तर हसायची."

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मला इतकं स्वच्छ ऐकू येत होतं: एसीचं पाणी बादलीत पडत होतं. ते तुमचे जन्माचे जोडीदार, आणि तुमच्याविषयीचं एक कोडं घेऊन उरलेले. ते सोडवायला मला तीन शब्द पुरले असते. मी केला तो. इतकंच.

मी म्हणाले, "मलाही ठाऊक नाही, भाई."

आपा, पहिल्यांदा सही केली तेव्हा पुढे घर होतं, इकामा होता. या वेळी पुढे काहीच नव्हतं. यांना नोकरी लागून वर्ष झालंय. मी केवळ सवयीने खोटं बोलले. परतीच्या वाटेवर हे मला उमगलं आणि मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याकडेला उभी राहिले. वारा गरम होता, तोंडात वाळू कचकच करत होती, चारी बाजूंना एकही भिंत नव्हती. तुम्हाला सांगते, मोकळ्यावर इतकं कोंडल्यासारखं मला कधी झालं नव्हतं.

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, यल्ला, चलिए, ट्रक आते हैं." मी गाडीत बसले.

आठवडाभर मी काही केलं नाही. मग संपादकांचा फोन आला, आणि ते "प्रकरण नको" म्हणाले, आणि मी "बरं" म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर स्वतःचं ते "बरं" मला शेजारच्या खोलीतून कोणी बोलल्यासारखं ऐकू आलं.

काल दुपारी मी इब्राहीमभाईंना फोन केला. उभ्यानेच, एका दमात सांगितलं. झेंडा मी केला. त्या "राहू दे" म्हणत होत्या. सही मी केली. आणि त्या दिवशी तुमच्या घरी, तुमच्यासमोर पुन्हा खोटं बोलले.

पलीकडे टीव्ही चालू होता. मग म्हणाले, "थांब, आवाज कमी करतो." टीव्हीचा आवाज बंद झाला. "परत सांग."

मी परत सांगितलं. दुसऱ्यांदा ते जास्त कठीण गेलं.

"म्हणजे ती तुझ्यासाठी गप्प राहिली."

"हो."

"मला पण सांगितलान नाय." आता त्यांचा आवाज दुखावलेला होता, आणि तो माझ्यावर नव्हे, तुमच्यावर रागावलेला होता. मला त्याची अपेक्षा नव्हती. "चाळीस वर्षं झाली लग्नाला. मी काय गावभर सांगणार होतो?" मग, "त्या दिवशी तिने फोन केलेलान मला. लय खूश होती. म्हणाली, आज वर्गात झेंडा लागला. कोणी केला, ते नाय बोलली. मला वाटलं, तिनेच."

"भाई, मला माफ..."

"ते मला नको विचारू. मला तो अधिकार नाय." आणि मग कोरड्या, कामाच्या आवाजात: "शाळेत सांगणार आहेस काय? की मलाच नुसतं?"

मी शाळेविषयी ठरवलं नव्हतं. त्यांनी विचारलं, म्हणून ठरलं.

आज मधल्या सुट्टीत मी कार्यालयात गेले. तुमच्या वेळचे तेच लिपिक, लखनौकडचे, तेच हिरव्या शाईचं पॅड. मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वीचा माझा एक जबाब आहे, तो परत हवा आहे. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, वो फ़ाइल तो बंद है. खलास. बंद फ़ाइल से काग़ज़ नहीं निकलता." मी म्हटलं, मग नवा कागद त्यावर लावा. बंद फाइलवर नवा कागद लागत नाही, म्हणाले. आवक नोंदीत घेता येईल, ताजं पत्र म्हणून.

मी त्यांच्याच टेबलाशी उभी राहून लिहिलं. दोन ओळींच्या जबाबाला एक पान उत्तर. त्या दिवशी मी त्या वर्गात उपस्थित होते. तो झेंडा मी बनवला. माझा आधीचा जबाब खोटा आहे. ज्या शिक्षिकेचा करार त्यानंतर थांबवला गेला, तिने मला तसं करू नको असं सांगितलं होतं. खाली माझं पूर्ण नाव आणि इकाम्याचा क्रमांक. एक प्रत मी इब्राहीमभाईंना पाठवणार आहे, आणि संपादक छापणार असतील तर हा लेख, जसाच्या तसा. नाही छापला तर मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी तो उभी राहून वाचेन.

लिपिकांनी पत्र सावकाश वाचलं. ओठ हलवत. वाचून झाल्यावर खुर्चीत थोडे सरळ झाले. शिक्का उचलला, मारला, क्रमांक घातला. मग नोंदवहीच्या पुढच्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं.

"ये नफ़ीसा मैडम के बारे में है. वो तो अब..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "इसका जवाब किसको जाएगा?"

मी म्हटलं, "मुझे."

त्यांनी रकान्यात माझं नाव लिहिलं.